शाळा व्यवस्थापन समिती नव्याने करायची आहे : पालक किती, निवड कोणी करायची?

पालक_करवीर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते सातवी, पट १४०, मुख्याध्यापक धरून सहा शिक्षक. व्यवस्थापन समितीची मुदत संपत आली आहे. गावात दोन गट आहेत आणि दोघांच्या याद्या तयार आहेत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, "तुम्ही एकमत करून या, मी नावं लिहून घेतो."

शासनाचा निर्णय वाचला, पण गणित काही जमेना. एकूण किती जण घ्यायचे? त्यात पालक किती, महिला किती? मागास आणि गरीब घरच्या मुलांच्या पालकांचं प्रमाण कसं काढायचं? आमच्याकडे अनुसूचित जातीची २८ मुलं आहेत, इतर मागास आणि भटके विमुक्त मिळून ४२, उत्पन्न एक लाखाच्या आत असलेली बाकीची २८ आणि उरलेली ४२. सरपंच अध्यक्ष होऊ शकतात का? आणि आईवडील मुंबईला, मूल आजोबांकडे, अशी आठ-दहा मुलं आहेत. तिथं पालक म्हणून आजोबा चालतील का?

केंद्रप्रमुख_निवृत्त

दादा, आधी एक गोष्ट पक्की करा. ही समिती मुख्याध्यापक करत नाहीत, ग्रामपंचायत करत नाही आणि गटही करत नाहीत. पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे, असं १७ जून २०१० च्या शासन निर्णयात स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांचं काम सभा बोलावणं, सभेत ठरलेलं लिहून घेणं आणि पुढं सदस्य सचिव म्हणून काम बघणं. घरोघरी फिरवलेल्या कागदावरच्या सह्या म्हणजे पालक सभा नव्हे.

आता गणित. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं, किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. आपल्या राज्यात सदस्यसंख्या १२ ते १६, सदस्य सचिव सोडून. पालकांखेरीज तीन जागा असतात. एक स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे तुमच्याकडे ग्रामपंचायतीच्या, निवडून आलेल्या सदस्याची, एक शिक्षकाची, एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकास तज्ज्ञाची. या तीन कायम धरल्या की १२ च्या समितीत पालक ९ येतात, म्हणजे बरोबर ७५ टक्के. १३ ची केली तर पालक १०, १६ ची केली तर १३. 'किमान' ७५ टक्के असल्यामुळे पालक जास्त झाले तर चालतात, कमी झालेले चालत नाहीत. म्हणून १२ च्या समितीत 'गावातला आणखी एक मानकरी' बसवायचा म्हटलं की पालक आठवर येतात आणि रचना तिथंच चुकते.

तुमच्यासाठी मी १३ सुचवेन, कारण दहा पालकांत तुमचे आकडे नेमके बसतात. १४० पैकी २८ म्हणजे २० टक्के, अनुसूचित जातीच्या मुलांचे पालक २. ४२ म्हणजे ३० टक्के, इतर मागास आणि भटके विमुक्त ३. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचे २. उरलेले ३. झाले दहा. एकच मूल दोन गटांत मोजू नका. जातीच्या प्रवर्गात धरलेलं मूल पुन्हा उत्पन्नात धरलं की बेरीज १४० च्या वर जाते आणि सभेत भांडण लागतं. दिव्यांग मुलं असतील तर तीही वंचित गटातच येतात, ती विसरू नका.

१३ चे निम्मे साडेसहा. इथं सहा महिला घेऊन भागत नाही, सात लागतात. मुख्याध्यापिका असतील तरी त्या या सातांत धरायच्या नाहीत, कारण सदस्य सचिव १३ च्या बाहेर आहेत.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही पालक सदस्यांमधूनच निवडायचे. सरपंच ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी म्हणून आले तर ते सदस्य, पण अध्यक्ष नव्हेत. त्यांचं स्वतःचं मूल याच शाळेत असेल आणि पालक सभेनं त्यांना पालक म्हणून निवडलं असेल, तर गोष्ट वेगळी. मात्र तेव्हा ते पालकांच्या दहांत मोजायचे आणि ग्रामपंचायतीनं दुसरा सदस्य द्यायचा. एका माणसानं दोन जागा अडवायच्या नाहीत.

आजोबांचं म्हणाल तर कायद्यात 'पालक' म्हणजे मुलाची देखभाल आणि ताबा ज्याच्याकडे आहे तो. आईवडील मुंबईला आणि मूल बारा महिने आजोबांच्या घरी, तर आजोबा पालक म्हणून बसतात. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत किंवा प्रवेश अर्जावर पालक म्हणून त्यांचं नाव आहे का, तेवढं आधी बघून घ्या. नसेल तर आईवडिलांचं चार ओळींचं पत्र लावा. पण आईवडील गावातच आहेत आणि घरचा कर्ता म्हणून आजोबा येतो म्हणतात, ते चालणार नाही.

भुदरगडची_ताई

सरांचं गणित बरोबर आहे, फक्त क्रम फार महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक शाळा उलटा करतात. आधी पालक सभा, मग ग्रामपंचायतीला पत्र, मग शिक्षक प्रतिनिधी. यात अडचण काय होते बघा. समजा सभेत पालकांमधून पाच महिला आणि पाच पुरुष निवडले. नंतर ग्रामपंचायतीनं पुरुष सदस्य दिला, शिक्षकांनीही पुरुष दिला, शिक्षणतज्ज्ञही निवृत्त गुरुजी. तेरात महिला पाचच राहिल्या. आता निवडून आलेल्या दोन पालकांना उठवायचं कुणी?

म्हणून ग्रामपंचायतीचं आणि शिक्षकांचं नाव पालक सभेच्या आधी हातात पाहिजे. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी ग्रामपंचायतच ठरवते, सरपंचांचा तोंडी निरोप चालत नाही. मासिक सभेत ठराव व्हावा लागतो, म्हणून मुख्याध्यापकांचं पत्र ग्रामसेवकांकडे निदान महिनाभर आधी गेलं पाहिजे. पत्रातच लिहा, 'शक्यतो महिला सदस्य द्यावी.' शिक्षक प्रतिनिधी शिक्षक आपसांत निवडतात, त्याचा छोटा ठराव शाळेतच होतो. या दोन महिला आल्या तर पालकांत पाच महिला पुरतात. एकही आली नाही आणि तज्ज्ञही पुरुष असतील, तर दहांपैकी सात पालक महिला घ्याव्या लागतील. सभा सुरू होताना हा आकडा फळ्यावर लिहिलेला असावा.

शिक्षणतज्ज्ञसुद्धा पालकांनी पालक सभेतच निवडायचा आहे. तो मुख्याध्यापकांच्या ओळखीचा किंवा गटाच्या सोयीचा असून भागत नाही. अंगणवाडीत वर्षानुवर्षं काम केलेली बाई बालविकासाची खरी जाणकार असते. गावात अशी कुणी असेल तर तिचा विचार जरूर व्हावा.

आता सभेची वेळ. सकाळी ११ ला सभा लावली की निवृत्त माणसं आणि ज्यांना राजकारणात रस आहे तेवढेच येतात. आया भांगलणीला गेलेल्या असतात. आपल्या पश्चिम भागात पावसाळ्यात रोपलावण चालू असली तर घरात माणूसच सापडत नाही. संध्याकाळी डेअरीला दूध घालायची वेळ टाळा. दूध घालून झाल्यावर, साडेसात-आठला, शाळेच्याच आवारात सभा ठेवा. आठवडी बाजाराचा वार टाळा. ऊसतोड कुटुंबांची मुलं शाळेत असतील तर त्यांचं वेळापत्रक हंगामावर चालतं, ते आधी विचारून घ्या. नुसता व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री टाकलेला निरोप म्हणजे सूचना नव्हे. ज्या घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, त्या घरच्या आईला तो कळतच नाही. मुलांच्या वहीत चिठ्ठी द्या, पालकाची सही घेऊन ती परत मागवा, फलकावर लावा, जमल्यास दवंडी द्या. आठ दिवसांचं अंतर ठेवा. सहीच्या चिठ्ठ्या गोळा करून ठेवल्या की 'आम्हाला कळवलंच नाही' ही तक्रार टिकत नाही.

प्रत्यक्ष निवड करताना सगळ्या गर्दीतून नावं मागू नका. पालकांना मुलांच्या इयत्तेप्रमाणे वेगवेगळ्या वर्गखोल्यांत बसवा. प्रत्येक इयत्तेनं आपल्यातलं नाव काढायचं. सात इयत्तांची सात नावं झाली की सगळे एकत्र या आणि फळ्यावरचा तक्ता बघा : कुठल्या प्रवर्गाच्या किती जागा भरल्या, महिला किती झाल्या. उरलेल्या तीन जागा मग त्या कमतरतेतून भरा. ज्या प्रवर्गाची जागा, त्याच प्रवर्गाच्या पालकांना नाव सुचवू द्या, बाकीच्यांनी त्यांच्यासाठी ठरवू नये. गटातटाचं गाव असलं तरी इयत्तेच्या खोलीत माणसं आपापल्या पोराचा विचार करतात. याद्या तिथं आपोआप मागं पडतात.

एका जागेला दोन नावं आली तर चिठ्ठीनं मतदान घ्या. हात वर करायला लावलं की कोण कुणाच्या बाजूनं, हे सगळ्यांना दिसतं आणि दुसऱ्या दिवशी बांधावर त्याचं भांडण होतं. मतदान घरटी एक की हजर असलेल्या प्रत्येक पालकाचं, हे नावं मागवण्याच्या आधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. मध्येच नियम बदलला की निवड अडचणीत आलीच.

पालक_करवीर

ताई, इयत्तेच्या खोल्यांची कल्पना फार आवडली. एक शंका. सातवीच्या मुलाचा पालक घेतला तर मूल मे महिन्यात शाळा सोडणार. समिती तर दोन वर्षांची. मग त्याचं काय? आणि मुलांमधूनही दोन प्रतिनिधी घ्यायचे असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का?

केंद्रप्रमुख_निवृत्त

खरं आहे. दोन विद्यार्थी, त्यांत किमान एक मुलगी. त्यांना मत देण्याचा अधिकार नाही आणि ते तुमच्या १३ मध्ये मोजायचे नाहीत. पण त्यांना बैठकीला बसवा आणि बोलू द्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे मोठ्यांच्या बैठकीत कुणी सांगत नाही.

सातवीच्या पालकाची अडचण सगळ्याच शाळांत येते आणि चौथीपर्यंतच्या शाळांत ती जास्त जाचते. मूल शाळेतून गेलं की त्या व्यक्तीचं पालकत्व त्या शाळेपुरतं संपलं, जागा रिकामी झाली. ती पुढच्या पालक सभेत, त्याच प्रवर्गातून, उरलेल्या मुदतीपुरती भरायची. हे टाळायचं असेल तर सातवीच्या खोलीत असा पालक निवडा ज्याचं धाकटं मूलही याच शाळेत खालच्या वर्गात आहे. असे दोन-चार हमखास असतात. आणि अध्यक्ष निवडताना एकच गोष्ट बघा : मूल सहावीत किंवा त्याखाली असावं, म्हणजे दोन्ही वर्षं पुरी होतात. पहिली ते चौथीच्या शाळेत तिसरीच्या वरचा नको. हा साधा हिशेब न केल्यामुळे मधेच अध्यक्ष बदलावा लागतो आणि बँकेतली सही अडकते.

शाहूवाडीकर

या चर्चेतून आणखी एक विचारतो. आमच्या वाडीवरची शाळा पहिली ते चौथी, पट ११, घरं सात. दोन शिक्षक. नऊ पालक आणायचे कुठून?

केंद्रप्रमुख_निवृत्त

सात घरं म्हणजे सात पालक नव्हेत. आई आणि वडील दोघंही पालक आहेत, कायदा 'आई-वडील किंवा पालक' असंच म्हणतो. सात घरांत चौदा माणसं झाली. आया जास्त घ्या, महिलांचा आकडाही त्यातच जुळतो. फक्त एकाच घरातून दोघं आणि त्यांतलाच एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष असं करू नका. दोन शिक्षकी शाळेत एक मुख्याध्यापकाचं काम बघतो, तो सचिव. दुसरा आपोआप शिक्षक प्रतिनिधी. अशा रचनेचा ठराव करून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा आणि पोच घेऊन ठेवा.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड भागात अशा वाड्या पुष्कळ आहेत. पट कमी म्हणून समिती कागदावरच ठेवायची, हे मात्र करू नका. शाळा लहान असते तेव्हाच समितीची गरज जास्त असते, कारण शिक्षक एखाद्या कामाला तालुक्याला गेला की शाळा उघडी आहे की बंद, हे बघणारं दुसरं कुणी नसतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते अशाच वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी. ही शाळा टिकवण्याची जबाबदारी आता कायद्यानं पालकांच्या हातात दिली आहे, ती सोडू नका.

हिशेबनीस

सगळ्यांनी निवडीचं लिहिलं. मी पैशाचं लिहितो, कारण नवी समिती अडते ती बहुधा तिथंच.

शाळेच्या खात्यावर अध्यक्ष आणि सदस्य सचिव यांच्या संयुक्त सह्या असतात. अध्यक्ष बदलला की जुनी सही लगेच निरुपयोगी होते, पण नवी सही बँकेत लागेपर्यंत खातं चालत नाही. म्हणून ज्या बैठकीत अध्यक्ष निवडाल त्याच बैठकीत दुसरा ठराव घ्या : अमुक बँकेच्या अमुक खात्यावरची जुनी सही रद्द, नवीन सही अमुक यांची. ठरावात नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. माहेरचं एक आणि सासरचं एक, अशी दोन नावं झाली की बँक कागद परत करते. अध्यक्षांचं आधार, पॅन, दोन फोटो आणि ठरावाची मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केलेली प्रत, हे सगळं आठवड्याभरात बँकेत द्या. पॅन नसलेल्या ताई अध्यक्ष होतात आणि तिथं महिना जातो. पॅन नाही म्हणून तिला अध्यक्षपद नाकारू नका, निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज भरून द्या.

घाई यासाठी, की अनुदान बरेचदा वर्षअखेरीला येतं आणि मार्च संपला की न खर्चलेली रक्कम परत जाते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत दहा हजार, १०० पर्यंत पंचवीस हजार, २५० पर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार, त्यावर एक लाख. तुमचा पट १४०, म्हणजे पन्नास हजारांच्या टप्प्यात. ही मंजुरीची रक्कम झाली. हप्ता किती आला ते खात्यावर बघूनच खर्चाचा ठराव करा. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालावे लागतात. फिनेल, हात धुवायचा साबण, नळांची दुरुस्ती यांत ते सहज जातात. पण पावत्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

गणवेशाचेही पैसे समितीकडे येतात. एका संचाला ३००, दोन संचांना ६०० रुपये. कापडाचा नमुना, शिलाईचा दर आणि मापं यांचा निर्णय बैठकीत घ्या, किमान तीन दरपत्रकं मागवा आणि नमुन्याचा तुकडा ठरावाला टाचून ठेवा. नंतर वेगळंच कापड आलं तर दाखवायला तोच पुरावा.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा वेगळा भाग असतो. इयत्तावार अपेक्षित पट, त्यावरून लागणारे शिक्षक, खोल्या, पाणी, स्वच्छतागृहं आणि लागणारे पैसे. शिक्षकांचा हिशेब पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि सहावीपासून ३५ मागे एक. अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीनं आराखडा आर्थिक वर्ष संपण्याआधी पुढं जायला हवा. मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून पाठवू नका. छत गळतं असं आराखड्यात लिहिलेलंच नसेल, तर मागणी करताना हातात काय दाखवणार?

उत्तरेश्वर_पालक

शहरातल्या पालकांसाठी थोडं. महापालिकेच्या शाळांनाही हीच रचना लागू आहे, फक्त स्थानिक प्राधिकरण म्हणजे महापालिका आणि तिथला प्रतिनिधी म्हणजे नगरसेवक. कोल्हापुरात २०२० च्या नोव्हेंबरपासून बराच काळ प्रशासक होते. नगरसेवकच नसताना ती जागा रिकामी ठेवणंच योग्य. काही ठिकाणी माजी नगरसेवकांना बसवायची पद्धत पडली, ती चूक. कायदा 'निवडून आलेला सदस्य' म्हणतो आणि मुदत संपलेला माणूस तो नसतो. तक्रार असेल तर प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे.

संस्थांचं_कामकाज

खाजगी शाळांचा गोंधळ इथं बऱ्याच जणांचा होतो, म्हणून फरक सांगतो.

अनुदानित खाजगी शाळेतही व्यवस्थापन समिती करावी लागते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथं तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. अल्पसंख्याक शाळांचंही तसंच. तिथं खरा कारभार संस्थेचा. संस्थेचं कार्यकारी मंडळ तिच्या घटनेप्रमाणे सभासद निवडतात, आणि बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. दोन पॅनेलनी एकमेकांविरुद्ध अर्ज दिले की प्रकरण वर्षानुवर्षं चालतं, आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, कुणाचं नाव आहे यावरून शिक्षक भरतीचे, पदोन्नतीचे प्रस्ताव अडतात. त्याखेरीज खाजगी शाळांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे शाळा समिती असते. तिच्यात संस्थेचे प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेनं आळीपाळीनं येणारा एक कायम शिक्षक, आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. पालक तिथं नसतो. 'शाळा समिती' आणि 'शाळा व्यवस्थापन समिती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना नाव चुकलं तर भलताच कागद हातात येतो.

विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही. तिथं शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ महत्त्वाचा. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तो स्थापन व्हावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्राचार्य, उपाध्यक्ष पालक, आणि पालक सदस्य इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे. संस्थेनं 'आमचे नेहमीचे पालक' म्हणून नावं जाहीर केली तर ते बेकायदेशीर. फी दोन वर्षांसाठी ठरते, म्हणून ज्या वर्षी ती ठरते त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांना तर जरूर हजर राहा.

पालक_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रामपंचायतीला पत्र द्यायला सांगितलं आहे. शेवटचं एक. अध्यक्ष ताई झाल्या तर बैठकीला त्यांचे मालकच येऊन बसतात, असं आजूबाजूच्या गावांत चालतं. आणि समजा मुख्याध्यापकांनी सभा न घेता परस्पर यादी पाठवली, तर काय करायचं?

भुदरगडची_ताई

पहिल्याला उपाय बैठकीतच आहे. हजेरी निवडलेल्या व्यक्तीचीच, सही तिचीच, हे पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. बदली माणूस ही सोय या समितीत नाही. पण नुसता नियम सांगून ताई बोलू लागत नाहीत. बैठकीच्या आदल्या दिवशी सचिवांनी विषयपत्रिका त्यांच्या हातात देऊन वाचून दाखवावी, आणि पासबुक त्यांना स्वतः बघू द्यावं. महिन्याला एक बैठक झालीच पाहिजे. तीन-चार बैठकांत पासबुक वाचता आलं की पुढं कुणी मालकांकडे बघत नाही. खर्चाचा कागद कोरा असताना सही करायची नाही, एवढं त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

केंद्रप्रमुख_निवृत्त

परस्पर यादी गेली असेल तर आधी मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा : सभेची सूचना, हजेरीपत्रक आणि इतिवृत्ताची प्रत. समितीची इतिवृत्तं पालकांना बघायला खुली असतात. मिळाली नाहीत तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर. सभा झालीच नसेल तर हजेरीपत्रक सापडणार नाही. मग तेवढ्याच मुद्द्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, पंधरा-वीस पालकांच्या सह्यांनी, आणि मागणी एकच लिहा : रीतसर सूचना देऊन पालक सभा पुन्हा घ्यावी आणि त्या सभेला केंद्रप्रमुख हजर असावेत. अर्जात मुख्याध्यापकांवर आरोपांची यादी लिहू नका. ती लिहिली की चौकशी त्या आरोपांची लागते आणि समिती तशीच राहते.

आणि सभा नीट झाली, तर इतिवृत्त दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तेरा नावं, प्रत्येकाचा प्रवर्ग, मुलाची इयत्ता, हे सगळं सभेतच मोठ्यानं वाचा, हजर पालकांच्या सह्या घ्या, आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारा.